दोन कुलपांचं दार

माझ्या दादाची साडेतीन वर्षं एका शब्दापायी गेली. शब्द अगदी साधा होता, 'हो'. तो एकदाच म्हणाला असता तर निभावून गेलं असतं. पण दादा तो एका दिवसात दोनदा म्हणाला, सकाळी एका साहेबाला आणि दुपारी दुसऱ्याला, आणि दोन्ही वेळा खरं बोलला. खरं बोलायची खोड आमच्या घरात त्यालाच होती.

दादा कुलपं करायचा. खाली दुकान, वर घर. बाजारातल्या तयार कुलपांना तो 'डबे' म्हणायचा आणि कुणी तसलं कुलूप दुरुस्तीला आणलं की तोंड वाकडं करून ते बोटाच्या टोकांनी उचलायचा. त्याची एक कातडी पिशवी होती. तिच्यात कानशी, चिमटे, तारा आणि तेलाची चपटी बाटली. ती पिशवी तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वहिनीने केर काढताना ती उचलून खुंटीला टांगली, तर घरात दोन दिवस अबोला होता. एरवी माणूस गरीब गाय.

आता काका आणि मामा कोण ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गावाच्या अलीकडे एक मोठी सत्ता आणि नदीपलीकडे दुसरी. अलीकडच्यांना गाव काका म्हणायचं आणि पलीकडच्यांना मामा. दोघंही आम्ही तुमचेच असं सांगत येत आणि दोघांच्याही येण्याने कुणाचं भलं झालेलं नव्हतं. आजोबांच्या वेळी काकांनी गाव जाळलं, बाबांच्या वेळी मामांनी. दोघांत विस्तव जात नव्हता. मग ही लढाई आली, तिसराच कोणी दोघांच्या मुळावर उठला, आणि एका आठवड्यात काका-मामांनी गळ्यात गळे घातले. चौकात दोघांची निशाणं एका उंचीवर लागली. उंची मोजायला दोन्हीकडचे लोक फूटपट्ट्या घेऊन आले होते, हे मी स्वतः पाहिलं.

मामांकडे माल होता आणि लढायला जाणारी माणसं काकांकडे. म्हणून मामांचा माल पुलावरून गाड्यांनी आमच्या गावात यायचा, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत उतरायचा आणि तिथून काकांचे ट्रक तो आघाडीवर न्यायचे. टायर, बूट, तारेची भेंडोळी, डबाबंद मांस. गिरणीचं गोदाम दोघांचं मिळून होतं. तिथल्या कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले. प्रत्येक कागद दोन भाषांत, प्रत्येक भाषेत दोन प्रती. माझ्यासमोरच्या खुर्चीत मास्तर बसायचे. त्यांनी मला शाळेत शिकवलं होतं, आणि गावात दोन्ही भाषा येणारे ते एकटेच, म्हणून त्यांना दुभाषी केलं होतं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "पोरी, माझ्यासमोर मनातलं काही बोलत जाऊ नकोस. मला विचारलं तर सांगावं लागतं, आणि दोघंही रोज विचारतात."

गोदामाला सात दारं. कुलूप कोणाचं लावायचं यावर दोन आठवडे खल झाला. काकांचं कुलूप मामांना नको, मामांचं काकांना नको. शेवटी ठरलं की प्रत्येक दाराला दोन कुलपं, एक काकांच्या किल्लीचं, एक मामांच्या, दोन्ही उघडल्याशिवाय अडसर निघायचा नाही, आणि चौदाही कुलपं गावातल्याच कारागिराने करायची. दादाला बोलावणं आलं. दादाने दीड महिना मान वर केली नाही. चौदा कुलपं, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, जाळून पाहिलं तरी चाप ढिला पडत नाही. तेवढा खूश मी त्याला मुलगी झाली तेव्हाही पाहिला नव्हता.

कुलपं बसवली त्या सकाळी काकांच्या साहेबाने दादाला बाजूला घेतलं. मास्तरांनी प्रश्न उलगडून सांगितला, "साहेब विचारतात, समजा मामांची किल्ली हरवली, तर तुला त्यांचं कुलूप किल्लीशिवाय उघडता येईल का?"

"हो," दादा म्हणाला. "माझ्या हातचं कुलूप मला उघडणार नाही, तर कुणाला?"

दुपारी मामांच्या साहेबाने त्याला चहाला बसवलं आणि तोच प्रश्न काकांच्या कुलपाबद्दल विचारला. दादाने तेच उत्तर दिलं, शब्दसुद्धा बदलला नाही. त्याच्या दृष्टीने ती हुन्नराची चौकशी होती. कारागिराला कोणी विचारलं, तुला येतं का, तर येत असताना तो नाही कसं म्हणेल? पायावर धोंडा मारून घेतला हे त्याला चार दिवसांनी कळलं. तोवर दोन्ही साहेबांना मास्तरांकडून दुसऱ्याचा प्रश्नही समजला होता आणि दादाचं उत्तरही.

पाचव्या दिवशी दादाला दुकानातून उचलून गिरणीच्या आवारात ठेवलं. बॉयलरमागची खोली, उंचावर एक झरोका, दाराशी दोन पहारेकरी. एक काकांचा, एक मामांचा. ते एकमेकांवर नजर ठेवायचे आणि तेवढ्यात दादावर आपोआप राहायची. मला दुपारचा डबा द्यायची मुभा होती. डबा आधी एकजण उघडायचा, मग दुसरा. पोळी गार व्हायची ती व्हायचीच.

दारांचंही एक त्रांगडं झालं. पहिल्या दिवशी दोन्हीकडचे किल्लीदार आले, आपापली किल्ली आपापल्या कुलपात घालून उभे राहिले आणि थांबले. आधी कोणी फिरवायची? आधी फिरवली म्हणजे आपण विश्वास टाकला, आणि समोरच्याने फिरवलीच नाही तर तोंडघशी पडलो. बाहेर ट्रकांची रांग लागली. दोघं पुतळ्यासारखे उभे, तोंडावर हसू. दादाला कुलपांना तेल घालायला आणलं होतं. तासभर त्याने पाहिलं आणि मग वैतागून, लहान मुलांची शर्यत लावतात तसं ओरडला, "एक, दोन, तीन!" दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या. शब्द कळले नसतील, पण शिपायाला मोजणी कळते.

दुसऱ्या दिवसापासून तो हुकूमच झाला. मीच टाइप केला. सात दारांवर सकाळ-संध्याकाळ कुलूपवाल्याने हजर राहून तीनपर्यंत मोजावे. चाळीस वर्षांचा कसबी माणूस, आणि काम काय, तर एक-दोन-तीन म्हणायचं. गावातले टवाळ त्याला 'शर्यतवाले' म्हणू लागले. मी त्यावरून त्याला चिडवलं तेव्हा तो हसला होता. तेव्हा अजून हसायचा.

याच सुमारास वहिनीचे वडील जिन्यावरून पडले. तिचं माहेर नदीपलीकडे, पुलाच्या टोकापासून चार घरं सोडून. ती मुलीला घेऊन पाच दिवसांसाठी गेली. मुलगी आठ महिन्यांची होती, रांगत होती. तिसऱ्या दिवशी पूल फक्त लष्करी गाड्यांसाठी ठेवल्याचं फर्मान निघालं. ज्याला ओलांडायचा असेल त्याला परवाना लागेल आणि परवान्यावर दोन्ही साहेबांच्या सह्या लागतील.

परवाने निघत होते, हे आधी सांगते. दूधवाल्याला निघाला. गुरांच्या डॉक्टरला निघाला. एका वाजंत्रीवाल्याला त्याच्या ढोलासकट निघाला. मीच टाइप केले, त्यांच्याबद्दल कुणाला काही पडलेलं नव्हतं. दादाचा अर्ज मात्र मी अकरा वेळा टाइप केला. काकांचा साहेब म्हणे, आनंदाने सही करतो, आधी मामांची आणा. मामांचा साहेब म्हणे, आमची काहीच हरकत नाही, काकांची झाली की लगेच. काकांना वाटे, हा पलीकडे गेला म्हणजे आपल्या सात कुलपांची किल्लीच मामांच्या खिशात गेली. मामांना वाटे, काका इतक्या आनंदाने सही करायला निघालेत, तर हा नक्की काकांचा माणूस. आणि वहिनीने अलीकडे यावं म्हटलं, तर मामा तिला सोडेनात. बायको-मुलगी आपल्याकडे आहे तोवर कुलूपवाला शहाण्यासारखा वागेल, हा हिशेब. दोघांत एकमत एवढ्या एकाच गोष्टीवर होतं, की दादाने जिथे आहे तिथेच राहावं. चिडून मी एकदा टाइपरायटरची फीत ओढून काढली. मास्तरांनी ती मुकाट्याने परत बसवली.

रविवारी दारं बंद असायची. मग पहारेकऱ्यांच्या मध्ये चालत दादाला घाटाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ देत. मीही जायचे. नदी तिथे दोनशे पावलं रुंद. पलीकडच्या पायऱ्यांवर वहिनी मुलीला कडेवर घेऊन उभी राहायची. ओरडलेलं ऐकू यायचं नाही, पाणी फार आवाज करायचं. मुलगी पहिल्यांदा उभी राहिली ती आम्ही इकडून पाहिली. पहिल्यांदा पळाली तीही. दादा मला म्हणाला, "तिला माझं तोंड दिसत असेल का गं एवढ्या लांबून?" मी म्हटलं, दिसतं. दिसत नव्हतं. मला वहिनीचंच दिसत नव्हतं, नुसती साडी ओळखू यायची.

दुसऱ्या वर्षी काका-मामांच्या तहाचा वाढदिवस आला. दोन्ही साहेब फोटोला एका टेबलाशी बसणार होते. दादाला एक युक्ती सुचली आणि मला ती इतकी पटली की मी रात्रभर झोपले नाही. परवान्याच्या दोन प्रती काढायच्या. एकीवर काकांनी सही करायची, दुसरीवर मामांनी, एकाच क्षणी, आणि मग प्रती बदलून पुन्हा तसंच. आधी-नंतरचा प्रश्नच नाही. फोटो झाला, साहेब खुशीत होते, मी दोन प्रती दोघांसमोर ठेवल्या. मास्तरांनी समजावून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या, पेनं उघडली. दादा टेबलाच्या टोकाशी उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "एक. दोन. तीन."

दोन्ही पेनं कागदापासून बोटभर वर थांबली होती. दोघंही आपल्या कागदाकडे पाहत नव्हते, समोरच्याच्या पेनाकडे पाहत होते. दादा पुन्हा म्हणाला. पेनं तिथेच. मग काकांचा साहेब हसला, मामांचा साहेब हसला, दोघांनी पेनांना टोपणं लावली आणि एकमेकांची पाठ थोपटत जेवायला गेले.

"दारावर तर फिरवतात की रे किल्ल्या," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"दार उघडलं की दोघांचं काम होतं," दादा म्हणाला. "मला जाऊ देऊन कुणाचं काय काम होणार आहे?" ते दोन कागद त्याने नीट घडी घालून पिशवीत ठेवले. मास्तर समोर बसलेले होते. त्या दिवसापासून दादाने कानाला खडा लावला. दारांवर तीन शब्द बोलायचा, डबा परत देताना 'बरं होतं' म्हणायचा. बाकी तोंडातून ब्र नाही.

मग लढाई संपली. तिसऱ्याने हात टेकले. चौकात गाणी झाली, आणि पंधरा दिवसांत काका-मामांचं पुन्हा जुनं सुरू झालं. त्यांना बांधून ठेवणारा शत्रूच राहिला नव्हता. निशाणं वेगवेगळ्या खांबांवर गेली. गोदामातल्या मालाची वाटणी निघाली आणि तिच्या याद्या माझ्या बोटांवर आल्या. टायर निम्मे, शिड्या निम्म्या, बादल्या निम्म्या. कचेरीतलं लांब टेबल एकच होतं, तर ते करवतीने मधोमध कापलं. मामांच्या अर्ध्याला दोन नवे पाय लावायला सुतार आला होता.

गाव काकांकडे राहणार, पलीकडचा काठ मामांकडे, असं वर कुठेतरी ठरलं. परवाने बंद झाले. दूधवाल्याचासुद्धा. पुलाच्या मधोमध लोखंडी फाटक उभं राहिलं आणि त्या फाटकाला दोन कुलपं हवी होती, एक अलीकडून लागणारं, एक पलीकडून. दोन्ही पुन्हा गावातल्याच माणसाच्या हातची. शेवटची एकमताची गोष्ट ती. ज्या फाटकाने बायको-मुलगी कायमची पलीकडे राहणार, त्याची कुलपं दादाने करायची. मी त्याला म्हटलं, "नाही म्हण. बोटं दुखतात म्हण." तो म्हणाला, "करतो."

कुलपं तयार झाली तेव्हा दोन्ही साहेबांनी त्याला परत विचारलं, या वेळी समोरासमोर. मास्तरांनी प्रश्न सांगितला, समोरच्याचं कुलूप तुला किल्लीशिवाय उघडता येईल का?

"नाही," दादा म्हणाला. "आता हात पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मी टाइप करता करता थांबले. मास्तरांनी चष्मा पुसला आणि त्या 'नाही'चं दोन भाषांत 'नाही' केलं. मी दादाला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पहारेकरी तिथल्या तिथे कमी केले. हुकमात लिहिलं, कुलपं बसवून झाल्यावर कुलूपवाल्याने आपल्या घरी जावे. घर अर्थात अलीकडचं.

कुलपं बसवायची त्या सकाळी तो कचेरीत आला. दाढी केलेली, पिशवी खांद्याला. मास्तर समोर होते, काकांचा कारकून शेजारी होता. बादल्यांची यादी तिसऱ्यांदा बदलली होती आणि माझं डोकं उठलं होतं.

"तूपण चल पुलावर," दादा म्हणाला.

"मी तिथे येऊन काय करू?"

"पिशवी धरायला तरी चल."

"इथे माझ्या बोटांचे तुकडे पडायची वेळ आलीय आणि मी तुझी पिशवी धरायला येऊ? जा तू. संध्याकाळी घरी ये, वरची खोली झाडून ठेवलीय."

तो टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला. मग माझ्या टेबलाच्या खणाशी वाकला. तो खण सहा महिने अडकत होता आणि रोज मी त्याला शिव्या घालत होते. दादाने कानशीने दोन हात मारले, तेलाचा थेंब सोडला, खण बाहेर ओढून आत सारून पाहिला. "आता अडकणार नाही," म्हणाला आणि गेला. मी यादीतून मान वर केली नाही.

पुढचं मास्तरांनी सांगितलं. ते पुलावर होते. दादाने आधी अलीकडचं कुलूप बसवलं, मग पलीकडचं बसवायला फाटकातून पलीकडे गेला. बसवलं, आणि म्हणाला, फाटक लावून बघावं लागेल, चाप कोयंड्याला घासतोय, मिटल्याशिवाय कळणार नाही. काकांचा साहेब म्हणाला, लावा, मग उघडून त्याला घ्या. दोन्हीकडे किल्लीदार उभे राहिले. दादाने मोजलं, एक, दोन, तीन. दोन्ही कुलपं एकदम लागली.

"झकास," दादा म्हणाला आणि कानस पिशवीत ठेवली.

आता उघडायचं होतं. काकांच्या किल्लीदाराने किल्ली घातली आणि थांबला. मामांच्यानेही घातली आणि थांबला. दोघांनी सवयीने दादाकडे पाहिलं. दादा कठड्याला टेकून नदी बघत होता. त्याने 'एक' म्हटलंच नाही. काकांचा साहेब मोजायला लागला, तर मामांचा साहेब म्हणाला, तुमच्या मोजण्यावर आमचा माणूस किल्ली फिरवणार नाही. मग मामांचा मोजायला लागला, तेव्हा काकांचं तेच. मास्तरांना मोजायला सांगितलं, तर ते म्हणाले, माझा घसा बसलाय. दुपारपर्यंत ते सगळे पुलावर उभे होते. मग मामांच्या साहेबाला वरून निरोप आला, की यापुढे लेखी हुकमाशिवाय किल्ली फिरवायची नाही. दादाने पिशवी खांद्याला लावली आणि चार घरं चालत गेला. कुणी त्याला अडवलं नाही. कुलपं आता त्याला उघडता येत नव्हती, मग तो त्यांच्या कुठल्या कामाचा?

दोन मोठ्या सत्तांच्या हातावर दादाने भर दिवसा तुरी दिल्या. गावात लोक हे मांडीवर थाप मारून सांगतात आणि मीही हसते. मला चार दिवस बोलावून प्रश्न विचारले. तुला माहीत होतं का? नव्हतं, आणि मास्तरांनी तसंच सांगितलं. दादाला सांगता आलं नसतं, हे मला कळतं. समोर मास्तर होते आणि त्यांना विचारलं तर सांगावं लागायचं.

त्याला सहा वर्षं झाली. फाटक एकदाही उघडलेलं नाही. ते दोन्हीकडून लागतं, म्हणजे आता मी आत आहे. दादाचं काम नेहमीच चोख असायचं. रविवारी मी पायऱ्यांवर जाते. पलीकडे तिघं येतात, मुलगी वहिनीच्या खांद्याएवढी झाली आहे. दादा हात करतो, मीही करते, आणि माझं तोंड त्याला दिसत नाही ते बरंच आहे.

टेबलाचा खण अजून अडकत नाही. रोज तो ओढताना मला तेच आठवतं. पिशवी धरायला तरी चल, म्हणाला होता. ज्या पिशवीला बायकोचा हात लागला तर दोन दिवस बोलला नव्हता, ती धरायला त्याने मला बोलावलं, आणि मी त्याला बादल्यांची यादी सांगितली.